राजा काय काय घेणार नाही?

अंजनगाव सुर्जीचं नाव शाळेच्या इतिहासात एकदाच येतं. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि आर्थर वेलस्ली यांच्यात जो तह झाला तो सुर्जी-अंजनगावचा तह. त्यामागे या मुलखात काय होतं, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. पोरांना तूतनखामेन ठाऊक असतो, फॅरो म्हणजे कोण हे सांगता येतं, ममी कशी करत तेही तोंडपाठ असतं. पण अंजनगावहून अचलपूरकडे जाताना अचलपूरच्या अलीकडे, नैर्ऋत्येला सहा-सात किलोमीटरवर चमक नावाचं गाव आहे आणि तिथे शेतात एका राजाचा लेखी हुकूम सापडला होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं. तो हुकूम १८०३ च्या तहापेक्षा सुमारे साडेतेराशे वर्षांनी जुना आहे.

प्राचीन इजिप्तवरचं कुठलंही पुस्तक उघडा, तीन प्रकरणं ठरलेली असतात: लोक कसे जगत, राजे कसे राज्य करत, देवाधर्माबद्दल काय मानत. चमकच्या हुकुमात ही तिन्ही प्रकरणं आहेत. राजे आणि देव पहिल्या वाचनातच दिसतात. लोक मात्र दिसत नाहीत. त्यांच्यासाठी हा लेख उलटा वाचावा लागतो. तो कसा, तेच इथे सांगायचं आहे.

आधी वस्तू पाहू. १८६८ च्या सुमारास चमकला नांगरट चालू असताना तांब्याचे सात पत्रे वर आले. फ्लीट या अभ्यासकाने ते वाचून १८८८ साली छापले. पुस्तकांतून त्यांना ‘चम्मक ताम्रपट’ म्हणतात. पुढे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी, हा हुकूम ज्या घराण्याचा त्या वाकाटक घराण्याचे सगळे लेख एकत्र करून १९६३ साली प्रसिद्ध केले, त्यात हा पुन्हा बारकाईने तपासला गेला. एकेक पत्रा सुमारे साडेसात इंच लांब आणि पावणेचार इंच रुंद. अक्षरं छिन्नीने कोरलेली, आणि प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक छोटी चौकट, म्हणून या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. भाषा संस्कृत.

सात पत्र्यांच्या बाजू होतात चौदा, पण लिहिलेल्या बाराच. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी ठेवलेली, कारण हाताळताना झिजते ती तीच. पत्र्यांना भोक पाडून त्यातून तांब्याची कडी ओवायची आणि तिला राजाची मुद्रा लावायची. कडी एकदा बंद झाली की मधला एखादा पत्रा काढून दुसरा घालता येत नाही. घालायचाच तर कडी तोडावी लागते, आणि तोडलेली कडी लपत नाही. मुद्रेवर एक श्लोक आहे, त्याचा आशय असा की वाकाटकांना भूषण असलेल्या, वंशपरंपरेने राजलक्ष्मी मिळालेल्या प्रवरसेनाचं हे शासन शत्रूंनाही शासन करणारं आहे. लेखाचा पहिला शब्द आहे ‘दृष्टम्’, म्हणजे पाहिलं. फायलीवर साहेबाची सही पडावी तशी ती मंजुरीची खूण.

त्यानंतर लगेच गाव आणि दान येत नाही. आधी वंशावळ. पहिला प्रवरसेन: त्याने वाजपेय वगैरे यज्ञ केले, चार अश्वमेध केले, आणि घराण्यात ‘सम्राट’ ही पदवी त्याचीच. त्याचा नातू पहिला रुद्रसेन हा भारशिवांच्या भवनागाच्या मुलीचा मुलगा. हे भारशिव शिवलिंग खांद्यावर वाहत, आणि त्यांनी दहा अश्वमेध केले, असं पटात नोंदलं आहे. नंतर पहिला पृथ्वीषेण, ज्याची तुलना युधिष्ठिराशी केली आहे आणि ज्याच्या घराण्याचा खजिना आणि फौज शंभर वर्षं वाढत आली असं म्हटलं आहे. मग दुसरा रुद्रसेन. आणि त्याचा मुलगा, हुकूम देणारा दुसरा प्रवरसेन. हा पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातला. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं महाकाव्य परंपरेने याच्याच नावावर आहे.

या प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता. ती उत्तरेतल्या गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. चम्मकच्या पटात बापाचं नाव देवगुप्त असं येतं. नवरा लवकर गेला, मुलं लहान, तेव्हा राज्य तिने चालवलं. तिने स्वतःच्या नावाने ताम्रपट दिले आणि त्यात सासरच्या आधी माहेरची वंशावळ सांगितली. त्यातला एक आपल्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला सापडला. रिद्धपूर आपण महानुभावांमुळे ओळखतो, पण त्याच्या खात्यावर हेही आहे. रामटेकजवळ नगरधनला, म्हणजे जुन्या नंदिवर्धनात, अलीकडे उत्खनन झालं तेव्हा तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, शंखाचं चिन्ह असलेली. हत्शेपसुत स्त्री असून फॅरो झाली हे कौतुकाने सांगणाऱ्यांनी प्रभावतीचंही नाव घ्यायला हरकत नाही. फरक एवढाच की हत्शेपसुतने फॅरोची खोटी दाढी लावून मूर्ती घडवल्या. प्रभावती राजमाता म्हणूनच राहिली.

देवांचं काय? वंशावळीतच त्याचं उत्तर आहे. पहिला रुद्रसेन महाभैरवाचा भक्त. पृथ्वीषेण महेश्वराचा. दुसऱ्या रुद्रसेनाला ऐश्वर्य मिळालं ते चक्रपाणी विष्णूच्या कृपेने. त्याचा मुलगा प्रवरसेन पुन्हा शंभूचा, आणि आई रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून दान देणारी. एका घरात शैव-वैष्णव दोन्ही नांदले आणि कुणी कुणाचं नाव खोडलं नाही. प्रवरसेनाबद्दल लिहिलं आहे की शंभूच्या प्रसादाने त्याने कृतयुग, म्हणजे सत्ययुग, पृथ्वीवर आणलं. फॅरोचंही पहिलं कर्तव्य हेच मानलं जाई: ‘मात’, म्हणजे विश्वाची आणि न्यायाची घडी, मोडू न देणं. पण फॅरो स्वतःच होरस देवाचा अवतार. वाकाटक राजा देव नाही; तो देवाचा भक्त आहे, आणि वाजपेय-अश्वमेधाचा खर्च करून त्याला आपलं मोठेपण सिद्ध करावं लागतं. मला हा फरक मोठा वाटतो, कारण पुढे या राजाने स्वतःलाच जी अट घालून घेतली आहे ती देव म्हणवणाऱ्या राजाला सुचणं कठीण.

आता हुकूम. तो निघाला प्रवरपुराहून. हे प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार असं मिराशींचं मत. रामटेकजवळच्या मनसरला मोठं उत्खनन झाल्यावर अनेकांनी मनसरच्या बाजूने कौल दिला. दिलेलं गाव कुठलं, याबद्दल मात्र वाद नाही. भोजकट राज्यात, मधुनदीच्या काठी, चर्मांक नावाचं गाव. चर्मांक म्हणजे आजचं चमक, आणि मधुनदी म्हणजे पुढे दर्यापूरवरून वाहत जाणारी चंद्रभागा. भोजकट हे नाव भातकुलीशी जोडलं जातं. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने ते वसवलं अशी महाभारतातली कथा आहे. गावाचं क्षेत्र राजमापाने आठ हजार भूमी. दान मागितलं शत्रुघ्नराजाचा मुलगा कोंडराज याने, आणि दिलं एक हजार ब्राह्मणांना.

हजार ब्राह्मण, आठ हजार भूमी: माणशी आठ. हिशेब इतका सरळ बसतो की आकडे आधी ठरवून मग लिहिले असावेत असं वाटतं. पटात नावं मात्र एकोणपन्नासच कोरली आहेत: गणार्य, देवार्य, कुमारशर्मार्य, अशी, गोत्रासकट. बाकीचे साडेनऊशे पत्र्यांवर नाहीत. बहुधा ही एकोणपन्नास प्रमुख कुटुंबं असतील.

इथून पुढचा भाग सावकाश वाचायचा. राजा आपल्या फिरतीवरच्या अधिकाऱ्यांना, भटांना म्हणजे सैनिकांना आणि छात्रांना म्हणजे बहुधा छत्र धरणाऱ्या सेवकांना, सांगतो की या गावाला आता पुढील गोष्टी माफ. कर द्यायचा नाही. भट-छात्रांनी गावात शिरायचं नाही. आळीपाळीने गाई-बैल मागायचे नाहीत. फुलं आणि दूध मागायचं नाही. चराई, बसायला कातडी आणि कोळसा मागायचा नाही. मद्याची खरेदी आणि मीठ खणणं यावरचा राजाचा हक्क इथे चालणार नाही. कुठल्याही प्रकारची वेठ घ्यायची नाही.

मुद्दा असा की माफी त्याचीच देतात जे एरवी घेतलं जातं. जे गाव दान दिलेलं नव्हतं, त्या गावाकडून हे सगळं घेतलं जात होतं. ही यादी उलटी करा, की पाचव्या शतकातल्या वऱ्हाडी गावाचा एक दिवस समोर उभा राहतो. राजाचा माणूस दौऱ्यावर येतो. त्याच्याबरोबर शिपाई. त्याच्या जनावरांना गावाच्या गायरानात चरू द्यायचं. त्याला बसायला कातडं अंथरायचं, रात्री चुलीला कोळसा पुरवायचा. सकाळी पूजेला फुलं, प्यायला दूध. निघताना सामान ओढायला बैल, आणि आज तुमचे, पुढच्या खेपेला शेजाऱ्याचे, अशी पाळी. बैल नसेल त्याने डोक्यावर ओझं घ्यायचं; ती वेठ. यातली एकही गोष्ट ‘कर’ या खात्यात मोडत नाही. कर वेगळा. हा सगळा वरखर्च.

मला या यादीतलं दूध सगळ्यांत जास्त बोलकं वाटतं. धान्य वर्षातून एकदा येतं, त्याचा वाटा एकदा द्यायचा. दूध रोजचं. राजाच्या माणसाने ते नेलं की त्या दिवशी घरातल्या पोराच्या वाटचं गेलं. कर किती होता हे ताम्रपट सांगत नाही, पण माणसाला जाच कशाचा होत असेल ते सांगतो.

मिठाचा उल्लेख आपल्याकडे लगेच नजरेत भरतो. पूर्णेचा खारपाणपट्टा जवळच. तिथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढण्याचा धंदा इंग्रजी अमलापर्यंत चालला. मात्र यावरून चर्मांकात मीठ निघत होतं असं म्हणता येणार नाही. माफीची ही भाषा वाकाटकांच्या दुसऱ्या पटांतही जवळपास अशीच येते. लेखनिकाकडे मसुदा तयार असे, गावाचं नाव बदलायचं. यादी एका गावाची नाही, राज्याची आहे. म्हणून तर ती जास्त कामाची.

आता इजिप्त. सहाव्या राजवंशातला पहिला पेपी, सुमारे इ.स.पू. २३००. त्याने दहशूर इथल्या, स्नेफ्रू राजाच्या दोन पिरॅमिडांना जोडलेल्या वस्त्यांसाठी असाच हुकूम दगडावर कोरवला: राजवाड्याचं कुठलंही काम यांच्याकडून घ्यायचं नाही, कर घ्यायचा नाही, तिथले कालवे, तळी, विहिरी, झाडं मोजायचीही नाहीत. मोजणी झाली की मागणी येते, हे तेव्हाही ठाऊक होतं. नंतर दुसऱ्या पेपीने नाईलच्या वळणावरच्या कोप्टोस गावी मिन देवाच्या मंदिराला माफी दिली, त्यात चारा, दोर आणि कातडी अशा किरकोळ मागण्याही नाव घेऊन बंद केल्या. पेपी आणि प्रवरसेन यांच्यात अडीच हजारांहून जास्त वर्षांचं अंतर. एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलं असण्याचा प्रश्नच नाही. अडचण सारखी होती. राज्य लांबवर पसरलेलं, अधिकारी फिरते, त्यांचं पोट आणि त्यांचा गाडा वाटेतल्या गावांनी ओढायचा. मग एखादं मंदिर किंवा एखादी वस्ती यातून सोडवायची झाली की काय काय मागायचं नाही ते एकेक करून लिहावं लागतं. नुसतं ‘त्रास देऊ नका’ म्हटलं तर शिपाई म्हणणार, दूध मागणं म्हणजे त्रास कुठे?

या कोप्टोसचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात हिंदुस्थानचा माल लाल समुद्रावरच्या बंदरांत उतरून, वाळवंट ओलांडून याच कोप्टोसला यायचा आणि तिथून नाईलने अलेक्झांड्रियाला. त्या काळच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तकात पैठण आणि तेर या गावांची नावं आहेत, आणि भडोच बंदरातून जाणाऱ्या मालात पिंपळी आहे. पानपिंपरी पिकवणाऱ्या अंजनगावच्या लोकांना हे सांगायला हवं.

दगड आणि तांबं यातला फरकही पाहण्यासारखा. फॅरोचा हुकूम मंदिराच्या दाराशी उभा, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावा. वाकाटकांचा हुकूम दान घेणाऱ्याच्या घरात. कुणी हक्काला हात घातला की काढून दाखवायचा. म्हणून इजिप्तचे हुकूम मंदिरांच्या अवशेषांत सापडतात आणि आपले नांगराच्या फाळाला लागतात.

शिक्षेतही फरक आहे. पहिला सेती या फॅरोने आपल्या चौथ्या वर्षी अबायडोसच्या मंदिराच्या नोकरांना संरक्षण देणारा हुकूम नूबियात नौरी इथे कोरवला. मंदिराच्या शेताची हद्द सरकवणाऱ्याचं नाक-कान कापून त्याला त्याच मंदिराचा कुळवाडी करायचं, असं त्यात आहे. प्रवरसेनाच्या पटात हुकूम मोडणाऱ्याला, ब्राह्मणांनी तक्रार केली तर, दंड; आणि त्यावर व्यासांच्या नावाचा श्लोक, की दिलेली जमीन हिसकावणाऱ्याला लाख गाई मारल्याचं पाप लागतं. धुरा कोरणाऱ्या शेजाऱ्याला यातलं कशाचं भय जास्त वाटलं असतं, हे वऱ्हाडातल्या वाचकाने स्वतःच ठरवावं.

आणि आता ती अट. दान सूर्य-चंद्र असेतोवर, असं म्हणून झाल्यावर राजा पुढे लिहितो की हे तोवरच, जोवर हे ब्राह्मण राज्याशी द्रोह करत नाहीत. ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, राजाला विष देणं यात सापडत नाहीत. लढाया करत नाहीत. दुसऱ्या गावांचं नुकसान करत नाहीत. तसं केलं तर राजाने गाव परत घेतल्यास ती चोरी होणार नाही. दुसऱ्याने दान हिरावलं तर लाख गाईंचं पाप, आणि आपण परत घेतलं तर चोर ठरू नये म्हणून आधीच लिहून ठेवलेली पळवाट! राजाला आपण चोर ठरू शकतो ही कल्पनाच मुळात करावी लागली, हे मला विलक्षण वाटतं. शिवाय हजार जणांची वस्ती एका गावात बसवली की ती शेजारच्या गावांवर दांडगाई करू शकते, हत्यार उचलू शकते, ही भीती त्याला होती हेही कळतं. वंशावळीतल्या स्तुतीपेक्षा राज्य कसं चालत होतं ते या अटीत जास्त समजतं. तारखेच्या ओळीतही राज्याची एक खूण आहे: राज्यवर्ष अठरावं, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, सेनापती चित्रवर्मा. जमिनीच्या दानावर नाव सेनापतीचं.

एक माणूस या सगळ्यात कुठेच नाही. जो त्या आठ हजार भूमीत वखर चालवत होता तो. त्याचं नाव नाही, त्याची संख्या नाही. माफी झाली म्हणजे त्याचं देणं संपलं असं नव्हे. गाव दिलं ते ‘क्लृप्त-उपक्लृप्त’ म्हणजे लहानमोठ्या देण्यांसकट दिलं. पूर्वी राजाकडे जायचं ते आता हजार ब्राह्मणांकडे. शिपाई दूध न्यायला येणार नाही, एवढा फायदा त्यालाही झाला असेल. शिपायाची जागा दुसऱ्या कुणी घेतली का, यावर पट गप्प आहे. या दानांना ‘विद्येला राजाश्रय’ म्हणून गौरवणाऱ्यांनी हा गप्पपणाही जमेस धरावा.

शेवटचं कलम जमिनीखालचं. गाव ‘निधी आणि उपनिधींसह’ दिलं, म्हणजे गावात पुरलेलं धन आणि ठेवी सापडल्या तर त्याही दान घेणाऱ्यांच्या. आज तसं नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे, आणि सरकारने ती वस्तू स्वतःकडे घ्यायची ठरवली तर ती वस्तू ज्या धातूची किंवा पदार्थाची आहे त्याची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश एवढी रक्कम द्यावी लागते. चमक, रिद्धपूर आणि अशा कितीतरी गावांचे पट शेतातून नाहीतर कुणाच्या घरातून वर आलेले आहेत, आणि आणखी निघणार आहेत. तुमच्या वावरात हिरवट पत्रे लागले तर चिंच-मिठाने घासू नका, कडी कापू नका, भंगारवाल्याला दाखवू नका. जागेची खूण करा, आहे तसा फोटो काढा आणि तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.